मागून पहिला

बारा चिठ्ठ्या वाटल्या होत्या. परत आल्या अकरा.

कारकुनाने त्या पुन्हा मोजल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या आणि तिसऱ्यांदा मोजल्या. तिसऱ्या खेपेला आकडा बदलतो असा त्याचा आजवरचा सरकारी अनुभव असावा. आज बदलला नाही.

"मॅडम, एक उमेदवार कमी पडतोय."

निवडणूक अधिकारीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. समोर बॅडमिंटनचा हॉल रिकामा पडला होता. नगरपालिकेला निवडणुकीसाठी दुसरी जागा सापडली नव्हती, म्हणून अर्ज घ्यायचं टेबल बरोबर जाळीच्या जागी मांडलं होतं आणि दिवसभर उमेदवारांची रांग कडेच्या पांढऱ्या रेषेवरून सरकली होती. रेषेबाहेर पाय पडला तर माणसं तो ओशाळून आत घेत होती. उमेदवारांनी एखादी मर्यादा इतक्या मनापासून पाळलेली बाईंनी नोकरीत प्रथमच पाहिली.

"कोण राहिलं?"

"वॉर्ड सात. मीटरकाका."

बाईंना सकाळचा म्हातारा आठवला. डोक्यावर कानटोपी, उजव्या कानामागे मशीन, काखेत प्लास्टिकची पिशवी. नळाची मीटरं वाचण्यात त्याचा जन्म गेला होता.

"जरा मोठ्याने बोला मॅडम," तो म्हणाला होता. "मशीन आहे, पण तेही माझ्याबरोबरच रिटायर झालंय."

"अर्जावर वॉर्डातल्या दहा जणांच्या सह्या लागतात. सूचक म्हणून. आहेत का?"

"आहेत की. त्यासाठीच तर इतके दिवस फिरलो. वॉर्डातलं प्रत्येक मीटर मला ओळखतं हो, पण माणसं? मीटर बघायचं आणि दारातूनच परत. आत बसा असं कोण म्हणतंय? यंदा पहिल्यांदा लोकांच्या घरात बसलो. सोफे चांगले आहेत लोकांचे."

"निवडून यायचंय?"

"छे छे! मतदान व्हायला पाहिजे, बस. आमच्या वॉर्डात ते होतच नाही. एकच अर्ज येतो, बिनविरोध. आमची ही दर वेळी विचारायची, यंदा आपलं आहे का हो मतदान? मी म्हणायचो, पुढच्या वेळी. ती गेली. आता मला कोणी विचारत नाही, पण सवय लागलीय ना उत्तर द्यायची."

त्याला एक सूचक सोबत घेऊन यायला सांगून बाईंनी रांगेकडे बोट दाखवलं होतं. त्यांना या गावात येऊन महिना झाला होता. या गावात त्यांना कोणीही ओळखत नव्हतं, आणि या कामासाठी नेमकी तीच त्यांची पात्रता होती. विश्रामगृहाचा खानसामा ताट दाराबाहेर ठेवून टकटक करून निघून जाई, न जाणो बोलण्याने आचारसंहिता मोडायची. दिवसभरात त्यांच्याशी कोणी मतदार यादी सोडून बोललं तर ते त्यांच्या लक्षात राही. मीटरकाका लक्षात राहिला होता.

आणि आता तोच नव्हता.

टेबलावर समारोपाचा कागद तयार होता. त्यावर बाईंची सही झाली की अर्जांचं काम संपलं. वॉर्ड सातमध्ये एकच अर्ज उरला असता आणि तिथले नगरसेवक सलग पाचव्यांदा निवडणुकीशिवाय निवडून आले असते. गाव त्यांना बिनविरोधसाहेब म्हणत असे. त्यांचं खरं नाव आठवायला लोकांना वेळ लागे. मतपत्रिकेवर ते कधी छापलंच गेलं नव्हतं.

नियम सरळ होता. मुदत संपताच हॉलचं दार बंद. त्या क्षणी जो आत आहे त्याचा अर्ज घ्यायचा, मग कितीही वेळ लागो. जो बाहेर गेला तो गेला. आतल्यांना ओळखण्यासाठी चिठ्ठ्या वाटायच्या, आणि त्या शिपायाने रांगेच्या शेपटापासून पुढे वाटत आणायच्या, म्हणजे मागून कोणी येऊन चिकटत नाही. अर्ज मात्र पुढूनच घ्यायचे. बाहेर पडताना प्रत्येकाने चिठ्ठी दारावर परत करायची.

बाईंनी परत आलेला गठ्ठा हातात घेतला, कोणत्या आकड्याची चिठ्ठी नाही ते पाहिलं आणि गठ्ठा टेबलावर पालथा ठेवला.

"वॉर्ड सातचे उमेदवार!" कारकून ओरडला. "मीटरकाका! आहात का?"

छताखाली बसलेली कबुतरं उडाली आणि पुन्हा बसली. मग अगदी बारीक, लांबलेली शिट्टी ऐकू आली.

"माइक," कारकून म्हणाला.

"माइकची वायर तुमच्या खुर्चीखाली आहे," बाई म्हणाल्या. "काढून ठेवलेली."

"मग कबुतराची पिल्लं असतील," शिपाई म्हणाला. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असे.

हॉलमध्ये बाहेरचे दोघेच उरले होते. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर, एकमेकांपासून शक्य तितके लांब. एक बिनविरोधसाहेबांचा भाचा, मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. दुसरा मीटरकाकाचा मित्र. उमेदवाराबरोबर एका सूचकाला आत येता येतं, तसा तो आला होता. गावात त्याचा फोटो स्टुडिओ होता, म्हणजे मोबाइलने लोकांना स्वतःचे फोटो काढायला शिकवलं तोपर्यंत होता. अंगात जुना कोट, दोन्ही हात खिशात.

बाईंनी आधी दारावरच्या हवालदाराला बोलावलं.

"कोणी बाहेर गेलं?"

"चिठ्ठी दिल्याशिवाय एक माणूस नाही, मॅडम."

"तुम्ही दारावरून हललात?"

"नाही."

"चहा घेतलात का?"

हवालदाराने बुटांकडे पाहिलं. "दोन मिनिटं. कोपऱ्यावर."

"गरम होता?"

"फार."

"मग दोन मिनिटं नाही. बरं, आतल्या खोल्या बघितल्यात?"

"सगळ्या. बाथरूम, कपडे बदलायच्या खोल्या, बाकांच्या खाली. एक सामानाची खोली तेवढी राहिली, पण तिला बाहेरून कडी आहे. आत बसून बाहेरून कडी कोण लावणार, मॅडम?"

बाईंना ते पटलं. तेवढ्यापुरतं.

"तुम्ही दारावर नसताना तो गेला असेल?"

"गेलाच असणार. माणूस काय हवेत विरघळतो?"

शिपायाने मध्येच तोंड घातलं. "मॅडम, मी सांगू? दार बंद व्हायच्या आधी त्या भाच्याने काकांच्या खांद्यावर हात टाकला होता. मी डोळ्यांनी बघितलं. खांद्यावर हात म्हणजे काय ते आपल्याला कळतं की."

भाचा खुर्ची ओढून समोर बसला. पंचविशीचा, केसांना जेल, चेहऱ्यावर थकवा.

"उमेदवाराशी काय बोलत होता?"

"शुभेच्छा देत होतो."

"विरोधी उमेदवाराला?"

"मग काय घरच्याला देऊ?"

"मामांच्या विरुद्ध कोणी उभं राहिलं तर तुम्हाला चालेल?"

भाच्याने मागे वळून पाहिलं, दाराजवळ कोणी नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, खरं सांगू? मामा कंटाळलेत. पाच वर्षांनी एकदा इथे येतात, अर्ज देतात, घरी जातात, निवडून येतात. सभा नाही, मिरवणूक नाही, दारोदार फिरणं नाही. मागच्या वेळी निकालाच्या दिवशी मामा नवा शर्ट घालून ओट्यावर बसले. कोणी आलंच नाही. निकाल लागलाय हेच लोकांना ठाऊक नव्हतं. शेवटी मामीने अभिनंदन केलं, तेही गॅस बंद करून आल्यावर. मीटरकाका उभे राहतायत कळल्यापासून मामा आरशासमोर भाषण करतात. मी छापखान्यात सांगूनही ठेवलंय. आणि आता हे काका गायब! मामांना मी काय तोंड दाखवू?"

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. खोटं बोलणारी माणसं इतकी रडवेली होत नाहीत. ती तयारीने येतात.

"काकांना शेवटचं कुठे पाहिलंत?"

"रांगेत, सगळ्यात मागे. जांभया देत होते. मग छापखान्याचा फोन आला, मी खिडकीशी गेलो. परत बघतो तर हे फोटोग्राफर एकटेच बसलेले."

टेबलावरचा फोन वाजला. वरून होता. "बाई, सगळीकडची कामं संपली, तुमचंच राहिलंय. एका माणसासाठी किती थांबायचं?"

"तो आत आहे की बाहेर, हे ठरेपर्यंत, सर."

"दिसत नाही म्हणजे बाहेरच ना?"

हे वाक्य कागदावर अगदी व्यवस्थित बसलं असतं. बाईंनी बरं म्हणून फोन ठेवला, पण पेन उचललं नाही. तिरकं ऊन खिडकीतून कोर्टाच्या मधल्या रेषेपर्यंत आलं होतं. ते भिंतीवर चढलं की कागदावर सही करावीच लागणार होती.

त्यांनी फोटोग्राफरला बोलावलं.

तो सावकाश आला. बसताना कोटाची बटणं सोडली नाहीत, हातही बाहेर काढले नाहीत.

"तुम्ही त्यांचे कोण?"

"कोण म्हणजे? मित्र. दुसरं आहेच कोण त्याला? आणि मला?"

"कधीपासूनची ओळख?"

"स्टुडिओचं मीटर वाचायला आला होता. तेव्हा मी पटावर एकटाच दोन्हीकडून खेळत होतो. म्हणाला, काळ्याचा उंट धोक्यात आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी बुद्धिबळ. रोज. म्हणजे, होतं." त्याने घसा खाकरला. "हल्ली साहेब सह्या गोळा करत फिरत होते. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. लोक चहा देतात म्हणे. अर्जावरचा फोटो मीच काढलाय. हस म्हटलं तर हसला नाही. म्हणाला, उमेदवार हसरा दिसला तर लोक सीरियसली घेत नाहीत."

"ते आता कुठे आहेत?"

"घरी गेला."

"का?"

"वैतागून. पाय दुखत होते. स्वभावच तसा आहे, मध्येच सोडून देतो. डावसुद्धा."

"दार बंद झाल्यानंतर गेले, की आधी?"

"नंतर. चिठ्ठी मिळाल्यावर."

"तुम्हाला सांगून गेले?"

"मग काय! चिठ्ठी दाखवली ना मला. म्हणाला, हे बघ, बारा नंबर. सगळ्यांच्या शेवटी. आपली पाळी येईपर्यंत दिवे लागतील. जातो मी. हवालदार नव्हताच दारावर. गेला सरळ."

"तुम्ही अडवलं नाहीत?"

"माझं ऐकतो कुठे तो हल्ली?"

"फोन करून बघू या?"

"मोबाइल वापरत नाही. फोनवर ऐकू कुठे येतंय त्याला."

"मग तुम्ही का थांबलात इथे? ते तर घरी गेले."

फोटोग्राफरने दाराकडे पाहिलं. खुर्चीत बूड हलवलं. त्याच क्षणी ती शिट्टी पुन्हा आली. बारीक, चिवट, दाताच्या डॉक्टरकडे येते तशी. त्याने खिशातला हात घट्ट आवळला. शिट्टी आणखी वाढली. हात सैल सोडला, तशी ती थांबली.

छताखालची कबुतरं शांत बसली होती. त्यांना पिल्लं नव्हतीच.

बाईंनी चष्मा काढून पुसला. पुसायची गरज नव्हती.

"शिपाई," त्या म्हणाल्या, "वॉर्ड सातच्या काकांना चिठ्ठी तुम्हीच दिलीत ना?"

"हो मॅडम. एकटेच उभे होते शेवटी. मला विचारत होते, आमचा फोटोग्राफर दिसला का. मी म्हटलं, बाथरूमकडे गेलेत. चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली त्यांनी."

"ठीक. सगळे जरा माझ्याबरोबर या."

हॉलच्या मागच्या बाजूला एक अरुंद बोळ होता. तिथे बाथरूमच्या शेजारी सामानाच्या खोलीचं जाड दार, आणि दाराला बाहेरून सरकवलेली कडी. बाई दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. समोर कारकून, शिपाई, हवालदार, भाचा. सगळ्यांच्या मागे फोटोग्राफर.

"मला सगळ्यात आधी भाच्यावर संशय आला," बाई म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांना आला तसाच. पण उमेदवार पळवणाऱ्याने छापखान्यात ऑर्डर दिली नसती. विरोधक नसेल तर यांचे फलक बघायचे कोणी?"

"तेच मी सांगतोय," भाचा म्हणाला.

"मग राहिलं एकच. काका स्वतः निघून गेले. तसं सांगणारा माणूस एकच आहे. तो म्हणतो, काकांनी मला चिठ्ठी दाखवली, बारा नंबरची, सगळ्यात शेवटची. आता शेवटचा माणूस म्हणजे सगळ्यात मोठा आकडा, असं जगात कोणालाही वाटेल. दवाखान्यात तसंच असतं, रेशनला तसंच असतं. पण आपण चिठ्ठ्या शेपटापासून वाटतो. शिपाई, शेवटच्या माणसाला कोणता नंबर मिळतो?"

"एक," शिपाई म्हणाला आणि त्याचा जबडा तसाच उघडा राहिला.

"एक. बारा नंबर रांगेत सगळ्यात पुढे होता, तो तर कधीच घरी गेला. माझ्याकडे जी चिठ्ठी परत आली नाही ती एक नंबरची आहे. म्हणजे या गृहस्थांनी ती चिठ्ठी पाहिलेलीच नाही. चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा ते इकडे, या बोळात होते. आणि जी चिठ्ठी पाहिलीच नाही ती दाखवून काका काय म्हणाले, ते मात्र त्यांना शब्दशः आठवतंय."

फोटोग्राफर भिंतीला टेकला.

"दुसरं, ती शिट्टी. माइक बंद होता. माझ्या वडिलांना कानाचं मशीन होतं. चालू असताना काढून मुठीत धरलं की ते असंच ओरडायचं. ते गेल्यावरसुद्धा दोन दिवस कपाटातून आवाज येत होता, सेल संपेपर्यंत." बाईंनी हात कडीवर ठेवला. "मीटरकाकांना मशीनशिवाय दोन शब्द ऐकू येत नाहीत. मशीन मित्राच्या खिशात ठेवून कोणी रस्त्याने घरी जात नाही. ते माणूस एकाच वेळी काढतो. झोपताना. आणि देतो त्याच्याच हातात, जो वेळेवर उठवेल याची त्याला खात्री असते."

"पण मॅडम, कडी तर बाहेरून—" हवालदार म्हणाला.

"म्हणूनच. बाहेरून कडी आहे याचा अर्थ आत कोणी नाही, असं आपण धरून चाललो. त्याचा खरा अर्थ एवढाच, की कडी लावणारा बाहेर आहे."

त्यांनी कडी सरकवली.

आत फाटक्या जाळ्या, मोडक्या रॅकेटी, पिसं झडलेल्या शटलांचे डबे, आणि कोपऱ्यात व्यायामाच्या गाद्यांची चळत. चळतीवर मीटरकाका कुशीवर झोपला होता. गुडघे पोटाशी, कानटोपी डोळ्यांवर, प्लास्टिकची पिशवी छातीशी धरलेली. शर्टाच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी डोकावत होती. कारकुनाने वाकून ती हलकेच काढली आणि उलगडली.

एक.

"मी काही वाईट करणार नव्हतो," फोटोग्राफर म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. "बाथरूमला आलो, तर दार उघडं, आत गाद्या. तो उभ्या उभ्या पेंगत होता. म्हटलं, पड जरा, पाळी आली की उठवतो. फक्त झोपू द्यायचं होतं. मग बाहेर आलो, तर कडी समोरच होती."

"का?" बाईंनी विचारलं.

"पट मांडून बसायचो रोज. सोंगट्या लावून. येईल आता, येईल. साहेब कुठे, तर लोकांच्या सोफ्यावर. नऊ घरं फिरला, मॅडम. नऊ! ज्यांची नावंसुद्धा त्याला माहीत नव्हती. आणि मग एक दिवस आला माझ्याकडे. वाटलं, खेळायला आलाय. पिशवीतून अर्ज काढला. म्हणाला, सही कर, दहावी कमी आहे." त्याने खिशातून मूठ बाहेर काढली. मशीन पुन्हा किंचाळलं. "मी दहावा. आणि हा उभा राहिला, तर प्रचार. आणि चुकून निवडून आला, तर मग संपलंच. सभा, कमिट्या, लोक. मी काय दोन्हीकडून खेळत बसू पुन्हा?"

शिपाई गाद्यांकडे बघत राहिला. भाच्यानेसुद्धा मोबाइल खाली धरला होता.

बाईंनी मीटरकाकाच्या खांद्याला हात लावला. तो दचकून उठून बसला, टोपी वर केली, पाच-सहा चेहरे पाहिले.

"आली का पाळी?" त्याने मोठ्याने विचारलं. आणि सवयीने, न बघताच, फोटोग्राफरकडे हात पुढे केला.

फोटोग्राफर पुढे झाला. मशीन त्याने नीट कानात बसवलं, मागची तार टोपीखाली घातली. रोजचंच काम असावं.

"हं. आता बोला," मीटरकाका म्हणाला. "एवढी माणसं कशाला आली मला उठवायला?"

बाईंनी शब्द जुळवले. "काका, या दाराला बाहेरून कडी होती. उमेदवाराला अडवणं हा गुन्हा आहे. तुमची तक्रार असेल तर मी लिहून घेते."

मीटरकाकाने दाराकडे पाहिलं. कडीकडे पाहिलं. मग बराच वेळ मित्राकडे पाहिलं. जिना चढून आल्यावर मीटरच्या काचेवरची धूळ पुसून आतला आकडा वाचावा, तसं. फोटोग्राफरने मान खाली घातली.

"मॅडम," मीटरकाका शेवटी म्हणाला, "एखादं मीटर असतं ना, घरात कोणी नसताना आपोआप पुढे सरकतं. का, ते कोणाला कळत नाही. आम्ही लिहायचो, 'दोष आढळला नाही', आणि पुढच्या घरी जायचो. माझा अर्ज घेता का आता?"

टेबलाशी परत आल्यावर बाईंनी अर्ज उलगडला. ऊन भिंतीच्या पायथ्याला टेकलं होतं. पण अजून एक प्रश्न बाकी होता, आणि तो नियमाप्रमाणे सोबतच्या सूचकालाच विचारायचा होता. त्याने सही नाकारली की नऊच उरणार होत्या, आणि नऊ सह्यांचा अर्ज म्हणजे रद्दी. कडी लावण्याचीसुद्धा गरज नव्हती. एक शब्द पुरेसा होता.

"सूचक क्रमांक एक," बाई म्हणाल्या. "ही सही तुमची?"

"दहा," फोटोग्राफर खाली बघत म्हणाला. "मी एक नाही. मी दहावा."

"इथे एक आहे."

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून चष्मा काढून लावला आणि अर्जावर वाकला.

"त्या दिवशी चष्मा लावला नव्हतास," मीटरकाका म्हणाला. "रुसून बसला होतास. बोट ठेवलं तिथे सही केलीस नुसती. अरे, पहिली ओळ तुझ्यासाठी सोडली होती मी. बाकीच्यांना दुसरीपासून करायला लावल्या. एक बाई म्हणालीसुद्धा, वरची का रिकामी? म्हटलं, तो आमच्या घरचा आहे. तो कुठे पळून जातोय?"

"मग आधी यायचं होतंस."

"घरच्याला कोण आधी विचारतं रे, गाढवा?"

हॉलमध्ये कारकुनाच्या पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला. हवालदाराने छताकडे पाहिलं.

"सही तुमची?" बाईंनी पुन्हा विचारलं. आवाज सरकारी ठेवायला त्यांना थोडे कष्ट पडले.

"माझी," फोटोग्राफर म्हणाला. "माझीच आहे. लिहा, पहिली."

शिक्का उमटला. वॉर्ड सातमध्ये दोन उमेदवार झाले. भाच्याने तिथल्या तिथे फोन लावला. "मामा! आहे, मामा! निवडणूक आहे!" पलीकडून जो आवाज आला तो मीटरकाकालासुद्धा मशीनमधून ऐकू गेला. तो हसला. अर्जावरच्या फोटोत हसला नव्हता तो.

निघताना दोघे म्हातारे दाराशी अडले. कोणत्या तरी अर्धवट राहिलेल्या डावावरून वाद चालला होता. उंट आधी हलला की घोडा. फोटोग्राफर म्हणत होता, घोडा. मीटरकाका म्हणत होता, खोटं बोलायची तुला आज सवयच लागलीय. मग तो थांबून मागे वळला.

"मॅडम, बुद्धिबळ येतं?"

"येतं."

"मग या की स्टुडिओवर. हा रोज हरतो, कंटाळा येतो."

"आचारसंहिता आहे, काका. उमेदवाराकडे येता येत नाही."

"कधीपर्यंत?"

"निकालापर्यंत."

"मग निकालानंतर या."

"तेव्हा माझी बदली झालेली असेल."

मीटरकाकाने मान डोलावली. काय बोलावं ते त्याला सुचलं नाही असं दिसलं, आणि सुचलं नाही हेच बाईंना बरं वाटलं. दोघे गेले. त्यांचा वाद रस्त्यावरून बराच वेळ ऐकू येत राहिला, एकाला मोठ्याने बोलावं लागत असल्यामुळे.

बाईंनी समारोपाच्या कागदावर सही केली. कारकून गेला, शिपाई गेला, हवालदार दाराबाहेर कुलूप घेऊन उभा राहिला. बाई एकट्याच मागच्या बोळात गेल्या, कारण सामानाची खोली तशीच उघडी राहिली होती.

कडी लावण्याआधी त्यांनी आत डोकावून पाहिलं. गाद्यांवर माणूस झोपल्याचा खळगा अजून होता. कोणी नव्हतं. तरी त्या थोडा वेळ तिथे उभ्या राहिल्या, आणि मग कडी सरकवली, आवाज होणार नाही अशी.